मोकळ्या यादीतलं नाव

रविवारी सकाळी सव्वासातला टेसाला कडेवर घेऊन ओट्याशी उभी होते आणि डाव्या अंगठ्याने फोनवर बेसबॉलच्या मोकळ्या खेळाडूंची यादी खाली सरकवत होते, तेव्हा मला एकदम माझंच आडनाव दिसलं. सी. हाउटमन, पिचर, डेट्रॉइट, आज दुपारी एक दहा. आणि नावापुढे ते हिरवं अधिकचिन्ह. दाबलं की माणूस आपला. आठ वर्षांत मी ते चिन्ह हजार वेळा तरी दाबलं असेल, पण त्या सकाळी अंगठा काचेवर तसाच राहिला आणि बाटली गरम करायला ठेवलेलं पाणी उकळून उतू गेलं तरी मला कळलं नाही. कोल्बीच्या वर सिनसिनाटीचा कोणी ल्यूबेक होता, खाली मायामीचा कोणी, सगळे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे. मधे माझा नवरा. आदल्या दिवशी दुपारपर्यंत तो याच ओट्याशी उभा राहून बाटल्यांची बुचं लांब दांड्याच्या ब्रशने घासत होता. मग फोन आला, वरच्या संघाचा एक पिचर आजारी पडलाय, उद्या तू. त्याने ब्रश ठेवला, हात माझ्याच पदराला, म्हणजे एप्रनला पुसले आणि टोलीडोहून, म्हणजे खालच्या संघाच्या गावाहून, डेट्रॉइटला निघून गेला. तासाभराचा रस्ता. पण त्या तासाभराच्या रस्त्यावर लोकांची अख्खी तारुण्यं जातात.

टेसाच्या अंगात ताप होता. शंभर पूर्णांक आठ. दातांचा असणार, पण मी दर तासाला मोजत होते आणि श्वासही मोजत होते, मिनिटाला चौतीस. जन्मल्यापासून मोजते आहे. कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकले ते काय यासाठी, असं माझी आई म्हणते. मला मात्र अजून खरं वाटत नाही की मिनिटाला चौतीस वेळा कोणी न सांगता ती छाती वर येते आणि खाली जाते. मोजलं नाही तर थांबेल असं मला वाटतं. तसं नसतं हे मला माहीत आहे.

ही फँटसी लीग आम्हा दहाजणींची, कालामझूच्या वसतिगृहात एकाच मजल्यावर राहणाऱ्या. प्रत्येकीचा कल्पनेतला एक संघ, त्यात खरे खेळाडू. मैदानावर ते जे करतील ते आमच्या खात्यात. सोमवार ते रविवार एकीविरुद्ध एक. बक्षीस म्हणजे लॉर्नाच्या आजीचं पोचा पडलेलं केकचं भांडं, ते दर वर्षी जिंकणारीच्या घरी जातं. मोठी नावं मार्चमध्येच वाटली जातात. उरलेले मोकळ्या यादीत पडून असतात, आणि बाकीच्या जणी त्या यादीकडे बघतात ते उद्या कोण मोठा होणार हे हेरायला. मला तेवढा धीर नाही. मी एका दिवसापुरता माणूस घेते. रविवारचा तर खास. शनिवारी रात्री खेळून दमलेले संघ रविवारी दुपारी आपले चांगले बॅटर बसवतात. मग कोणाचा वारा मैदानात उलटा येतोय, कुठल्या मैदानाची हद्द लांब आहे, कोण डावखुऱ्यांपुढे गडबडतो, एवढं बघायचं आणि ज्याचं नाव त्याच्या गावातही कोणाला माहीत नाही असा पिचर उचलायचा. त्याने सहा जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू मारूच न देता बाद, करून दिलं की सोमवारी सकाळी सोडून द्यायचा. माझ्या संघात त्यासाठी एक जागा कायम रिकामी करण्याजोगी असते. लॉर्ना तिला 'मेरीचं मोटेल' म्हणते. एक दिवस राहा, सकाळी खोली खाली करा.

कोणालाही घेतलं की आधी कोणाला तरी सोडावं लागतं, संघात जागा मोजक्या. तेव्हा पडद्यावर प्रश्न येतो: नक्की सोडायचं? लग्नाआधी मी तो प्रश्न वाचतही नसे. आता वाचते. कारण मला माहीत आहे की या खेळातले सगळे शब्द खऱ्या खेळातून उचललेले आहेत, आणि तिकडे ते शब्द कसे वाजतात ते मी ऐकलंय. टेक्सासमध्ये असताना, टेसा पोटात होती, मी खुर्चीवर चढून खिडकीच्या पडद्याची दांडी बसवत होते आणि कोल्बी दारात येऊन म्हणाला, "उतर. दांडी राहू दे." त्याच्या संघाने त्याला वेव्हरवर टाकलं होतं. म्हणजे सात दिवस तो कोणाचाच नव्हता आणि कोणत्याही संघाने हात वर केला की त्यांचा होणार होता. ते सात दिवस आम्ही एका फोनभोवती राहिलो. फोन जेवणाच्या टेबलावर मिठाच्या डबीशेजारी असे. तो वाजला की आम्ही दोघंही आधी एकमेकांकडे बघायचो. एकदा दंतवैद्याकडून आला, एकदा चुकून कोणाचा. एवढे सगळे संघ, आणि एकही बोलला नाही. आठव्या दिवशी मी दांडी काढून खोक्यात भरली. ती दांडी अजून त्याच खोक्यात आहे. पुढे डेट्रॉइटच्या खालच्या संघात जागा मिळाली, पण इथे टोलीडोत खिडक्या आखूड आहेत.

म्हणून त्या सकाळी माझ्या नजरेला जे दुसरं दिसलं त्याने मी खुर्चीतच बसले. नावाच्या उजवीकडे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, आज किती जणांनी घेतला. दोन हजार आठशे चौदा. मी टेसाला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि परत वाचलं. दोन हजार आठशे चौदा माणसं. त्यांतल्या एकाचाही चेहरा मला माहीत नव्हता. रविवारी सकाळी कोणी कॉफी गाळता गाळता, कोणी चर्चच्या बाहेर गाडीत बसून, कोणी न्हाणीघरात, त्या सगळ्यांनी माझ्या नवऱ्याचं नाव वाचलं, वारा बघितला, मैदान बघितलं आणि मनाशी म्हणाले, चल, हा चालेल. एका दिवसापुरता का होईना. मला त्यांच्या कारणांची नाडी माहीत होती, मीही तसाच विचार करते, त्यात प्रेम वगैरे काही नसतं. तरी माझ्या हातांवर काटा आला. खरे संघ सात दिवस गप्प होते आणि इथे अडीच हजारांहून जास्त स्वयंपाकघरांतून कोणीतरी हो म्हणत होतं. मी पाहत असतानाच आकडा बदलला. दोन हजार आठशे एकोणतीस.

आमच्या फोनवरच्या गटात तोवर गोंधळ सुरू झाला होता. लॉर्ना लीगची प्रमुख, तिला झोप म्हणून नसतेच; आणि या आठवड्यात माझी लढत तिच्याशीच होती.

"मेरी, अगं तुझा नवरा बाजारात आलाय. फुकट!"

"बघितलं."

"घेणारेस?"

बेट्टिना मधे पडली. "घेईल कशी? कलम चौदा आहे ना!"

"अगं हो की! मी तर विसरलेच होते," लॉर्नाने लिहिलं, पण ती विसरली नव्हती. तीन वर्षांपूर्वी आमच्या लग्नात, चर्चच्या तळघरातल्या जेवणात, तिने पेला वाजवून सगळ्यांना गप्प केलं होतं आणि कागदी रुमालावर लिहून आणलेला लीगचा नवा नियम वाचला होता. तोवर आमचे तेरा नियम होते. चौदावा: मेरिडिथने आपल्या नवऱ्याला संघात घेतलं, तर तिला त्याला कधीही सोडता येणार नाही. कोल्बीचे काका खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले होते. कोल्बी तेव्हा इतक्या खालच्या पायरीवर खेळायचा की त्याचं नाव आमच्या यादीत येणंच शक्य नव्हतं. विनोदात तेच तर होतं. दोन वर्षांपूर्वी तो अकरा दिवसांसाठी वर गेला तेव्हा चारच चेंडू टाकायला मिळाले आणि यादीला त्याचा पत्ता लागेपर्यंत तो खाली परत आला.

"गंमत केली गं मी तेव्हा," लॉर्नाने पुढे लिहिलं. "घ्यायचा तर घे, उद्या सोड. मी काही पोलीस बोलावत नाही."

"नियम म्हणजे नियम," बेट्टिना म्हणाली. "नाहीतर मीही माझ्यावर केलेल्या नियमाबद्दल बोलते मग."

मी लिहिलं, "बघते." मी लॉर्नापेक्षा पाच स्ट्राइकआउटनी मागे होते. सहा मिळवले तर आठवडा माझा आणि शेवटच्या चौघींत जागा. एवढं साधं गणित. गणित सांगत होतं, ल्यूबेक. त्याच्यापुढचा संघ शनिवारी नेहमीच्या नऊऐवजी बारा इनिंग खेळून मध्यरात्रीनंतर हॉटेलवर पोचला होता. आणि कोल्बीपुढे जो संघ होता ते लोक चेंडू वाया घालवत नाहीत, बॅट लावतातच. शिवाय मला जे माहीत होतं ते त्या दोन हजार आठशे जणांना माहीत नव्हतं. शुक्रवारी बाटल्या घासताना तो उजव्या हाताचं मधलं बोट पाण्यात घालत नव्हता.

साडेनऊला त्याचा फोन आला. मागे कुठेतरी धातूचं दार आपटत होतं.

"ताप?"

"शंभर पूर्णांक चार. उतरतोय. तीन चतुर्थांश दूध संपवलं तिने. बोट?"

"कसलं बोट?"

"कोल्बी."

"फोड आहे. छोटा. फुटला नाही तर काही नाही." मग थांबून म्हणाला, "तू आज कोणाला घेतेयस?"

"बघतेय."

"तो सिनसिनाटीचा डावखुरा घे, ल्यूबेक. मी त्याच्याबरोबर खेळलोय. जेवायला बसला की शेजारच्याच्या ताटातले बटाटे उचलतो, पण दुपारी छान टाकतो."

"तू आहेस की यादीत."

"हो, पोरं सांगत होती. मला नको घेऊस, मेरी. तुझ्या जागी मी असतो तर नसता घेतला."

"एका दिवसासाठीही?"

"एका दिवसासाठी तर नाहीच." तो हसला. मग हसणं थांबलं आणि मला त्याचा श्वास ऐकू आला, तो मात्र मी मोजला नाही. "ऐक. आज वाईट गेलं तर मी खेळणं थांबवतो. सप्टेंबरात मोसम संपायची वाट नाही बघत. एकतीस वय झालं. तू म्हणशील तसं. मला फक्त तू सांग."

मी काय सांगणार होते? वसंत ऋतूपासून तो हे विचारतोय आणि मी काहीतरी दुसरंच बोलते, भाड्याचं, टेसाच्या लसीचं. थांब म्हटलं तर तो मला सोडलं असं ऐकेल. थांबू नको म्हटलं तर अजून एक गाव, अजून एक खोकं, अजून आखूड खिडक्या. मी म्हणाले, "टोपी नीट घाल, ऊन आहे," आणि त्याने बरं म्हटलं.

मग दुपारपर्यंतचा वेळ कसा गेला ते मला नीट आठवत नाही. टेसा माझ्या खांद्यावर तापलेल्या पिशवीसारखी झोपली होती. मी मक्याची कणसं सोलली, एका हाताने, आणि त्यांचे केस ओट्यावर पडत राहिले. गेली आठ वर्षं मी माणसांना 'संभाव्य' म्हणून वाचत आले होते. यादीचं नावच तसं, आजचे संभाव्य पिचर. खेळणार असं तिथे कधीच लिहीत नाहीत. डॉक्टरने टेसाची तारीखही तशीच लिहून दिली होती, संभाव्य, आणि ती नऊ दिवस उशिरा आली होती, आणि आल्यावर पहिल्यांदा तिने वडिलांचं तेच मधलं बोट धरलं होतं. मला आठवलं की त्या बोटावर तेव्हाही कातडं निघालेलं होतं. माझ्या मोटेलमध्ये आजवर किती जण राहून गेले? तीनशे? चारशे? मला त्यांची नावं आठवेनात. एक मिलवॉकीचा होता, त्याने मला एका रविवारी अकरा स्ट्राइकआउट दिले होते आणि सोमवारी मी दात घासता घासता त्याला सोडला होता. त्याच्याही घरी कोणीतरी खोकी बांधत असेल तेव्हा. मी कोणाचं काही वाकडं केलं नव्हतं, हा खेळ होता, खोटा. पण माणसाकडे इतका बारकाईने बघायचं, त्याचा वारा, त्याचं ऊन, त्याचा डावा-उजवा, आणि एवढं बघून त्याला एकच दिवस द्यायचा, ही केवढी विलक्षण गोष्ट मी रोज सकाळी करत होते हे मला तोवर कधी दिसलंच नव्हतं.

कोल्बीला घेतलं तर खोली कायमची भरली. मोटेल बंद. या वर्षी आणि पुढच्याही. तो खाली गेला, दुखावला, थांबला, म्हातारा झाला तरी त्या जागी त्याचं नाव. लॉर्ना काही म्हणाली नसती. पण मी ते भरल्या तळघरात हसत हसत कबूल केलं होतं, त्याच दुपारी वर चर्चमध्ये जे कबूल केलं त्याच्यानंतर दोनच तासांनी, आणि आता मला दोन्हींतलं खरं कोणतं आणि गंमत कोणती हे वेगळं करता येईना.

एक वाजून सात मिनिटांनी मी टेसाचा श्वास मोजला, तीस. मग हिरवं चिन्ह दाबलं. कोणाला सोडायचं? खोलीत आदल्या दिवशीचा एक पाहुणा होता. त्याचं नाव मी मुद्दाम मोठ्याने वाचलं, आणि सोडला. एक दहाला सामना सुरू झाला आणि नावं गोठली, आता बदल नाही.

टीव्ही लावला नाही. मी आकड्यांच्या पडद्यावर बघत बसले, तिथे प्रत्येक चेंडूला एक ठिपका उमटतो, हिरवा किंवा लाल, एका छोट्या चौकटीच्या आत किंवा बाहेर; आत किंवा कडेला पडला तर चांगला. आणि ते ठिपके पडायला लागले तेव्हा मी अवाक झाले. पहिले तिघे बाद, अकरा चेंडूंत. दुसऱ्या इनिंगला तिघे. मी कोल्बीला शेकडो वेळा टाकताना पाहिलंय, पण असं कधी पाहिलं नव्हतं, माणूस काढून टाकून नुसतं त्याच्या हातून सुटलेलं तेवढं. ठिपके चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, एकावर एक, जसे कोणी शिवणकाम करावं. दोन स्ट्राइकआउट. तीन. चौथ्या इनिंगअखेर बारा आले आणि बारा गेले, चार स्ट्राइकआउट, आणि घेतलेल्यांचा आकडा तीन हजार एकशेच्या वर थांबलेला. मला त्या सगळ्या स्वयंपाकघरांतला आवाज ऐकू येत असल्यासारखं वाटलं. ज्या हाताला मी काल बुचं नीट घासली नाहीस म्हणून बोलले होते त्या हाताकडे ते सगळे बघत होते. टेसा उठली, पडद्यावर तळवा मारला, आणि मी तिला म्हणाले, "तुझे बाबा आहेत हे, सगळे ठिपके." ती ठिपक्यांकडे बघून थुंकीचे फुगे काढत राहिली.

गटात लॉर्ना: "मेरी, मला घाम फुटलाय."

पाचव्या इनिंगचा पहिला ठिपका चौकटीपासून लांब पडला. दुसरा त्याहून लांब. मला समजलं. इतर तीन हजारांना वाटलं असेल दमला. मला माहीत होतं, फुटला. मी माझंच मधलं बोट मुठीत घट्ट धरून बसले होते. चौकटीबाहेरच्या चार चेंडूंमुळे एकाला फुकट पुढे जाऊ दिलं, मग फटका, एक बाद, मग आणखी फटके, आणि पाच धावा होईपर्यंत कोणी त्याला बाहेर बोलावलं नाही. मग नावापुढे 'मैदानाबाहेर' असं लिहून आलं. चार स्ट्राइकआउट. मी एकाने हरले. ल्यूबेकने नऊ काढले होते.

लॉर्नाने एवढंच लिहिलं: "सॉरी गं. मोटेल उघडायचं असेल तर उघड. खरंच."

मी लिहिलं, "बंद झालं."

ऊन असतानाच तो घरी आला. त्याला परत खाली पाठवलं होतं, सामानाची पिशवी त्याने दारातच ठेवली. बोटाला पांढरी पट्टी होती. तो टेसाकडे गेला, हात धुतला, म्हणजे डावाच धुतला, आणि कपाळावर ठेवला. "गार आहे," म्हणाला. आम्ही कणसं खाल्ली. तो नऊच्या आत झोपला, उघड्या तोंडाने, टेसासारखा.

सोमवारी सव्वासातला मी ओट्याशी यादी उघडली, सवयीने. सी. हाउटमन. आज किती जणांनी सोडला: तीन हजार एकशे सत्तेचाळीस. माझा त्यांच्यावर राग नव्हता, त्यांनी खोली खाली केली होती एवढंच. मग माझ्या संघाचं पान उघडलं. त्याच्या नावाशेजारी रात्रीत एक बारीकसं कुलूप आलं होतं. ते फक्त लीगच्या प्रमुखाला लावता येतं. सोडण्याचं बटण त्याने दिसेनासं होतं. लॉर्नाने निरोपबिरोप काही ठेवला नव्हता.

कोल्बी मागे येऊन उभा राहिला, माझ्या खांद्यावरून वाचत. आधी त्याला कुलूप दिसलं नाही, त्याच्या शेजारचा आकडा दिसला. देशभरातल्या किती टक्के संघांत हा खेळाडू आहे.

"शून्य पूर्णांक शून्य," तो म्हणाला. "वा. हे बरं झालं."

"शून्य नाही ते."

"अगं लिहिलंय की."

"ते दशांशानंतर एकच आकडा दाखवतात. पुढे अजून आकडे आहेत. बरीच शून्यं, आणि मग काहीतरी आहे."

त्याने परत वाचलं. नंतर संघाचं नाव वाचलं, माझं, मग कुलूप. कलम चौदा त्याला आठवायला थोडा वेळ लागला, तो त्या दिवशी काकांना सावरत होता.

"मेरी. तू काल मला घेतलंस?"

"एक वाजून सात मिनिटांनी."

"मी सांगितलं होतं ल्यूबेक."

"नऊ काढले त्याने."

"मग?"

मी पाणी गॅसवरून उतरवलं. "तू विचारत होतास ना, मी म्हणेन तसं. खेळ. नाहीतर थांब. सप्टेंबरात थांब, आज थांब. तुझं तू ठरव. इथे त्याने काही बदलत नाही. बटणच नाहीये."

 टेसाने त्याच्या हाताकडे झेप घेतली आणि पट्टीचं बोट मुठीत धरलं. दुखलं असणार, त्याचा चेहरा तसा झाला, पण त्याने ते सोडवून घेतलं नाही. दुसऱ्या हाताने त्याने ओट्यावरचा ब्रश उचलला आणि बाटलीच्या बुचात घातला. मी त्याचा श्वास मोजायला लागले आणि सातावर विसरले.